ओठाखालची पांढरी पुडी: निकोटिन पाऊच सुरू केला असेल तर दात-हिरड्यांसाठी काय करायचं, क्रमाने

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात एक नवीन डबी दिसायला लागलीय. बोटीवरची पोरं सुट्टीवर आली की घेऊन येतात, दुबई-मस्कतवाले आणतात, गणपतीला चाकरमानी येतात त्यांच्यातल्या एकदोघांच्या खिशात असते. गोल, चपटी, पुदिन्याचा नायतर लिंबाचा वास, आत छोट्या पांढऱ्या पुड्या. एक काढायची, वरच्या ओठाखाली सरकवायची आणि अर्धा-पाऊण तास विसरून जायचं. थुंकायला लागत नाही, दात लाल होत नाहीत, वास येत नाही, त्यामुळे आईला कळत नाही, बायकोला कळत नाही आणि सगळ्यात वाईट म्हणजे डेंटिस्टलाही कळत नाही.

मी एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला तंबाखू खाता का विचारलं की तो बिनधास्त नाही म्हणतो आणि तसं बघायला गेलं तर तो खोटं बोलत नसतो, कारण पाऊचमध्ये तंबाखूचं पान नसतंच. मालवणकडचे पेशंट तर सरळ सांगतात, "डॉक्टर, ह्यात तंबाखू नाय, निस्तो पुदिनो आसा." पुदिना असेल हो, पण नुसत्या पुदिन्यासाठी कोणी दिवसाला दहा पुड्या लावत नाही.

तर हे लिहितोय ते ज्यांनी नुकतंच सुरू केलंय त्यांच्यासाठी, गुटखा सोडायचा म्हणून जे याच्यावर आलेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांना घरातल्या कुणाच्या बॅगेत अशी डबी सापडलीय त्यांच्यासाठी. ओरडणार नाही, काय करायचं तेवढं सांगतो.

पायरी १: डबी उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा

आत असतं काय, तर झाडाच्या तंतूंचा पांढरा भुसा, निकोटिन (तंबाखूतून काढलेलं किंवा लॅबमध्ये बनवलेलं), बिनसाखरेचा गोडवा, चव-वास, आणि सोडियम कार्बोनेटसारखा एखादा क्षार. या क्षाराकडे कुणाचं लक्ष जात नाही पण खरा कारभारी तोच. निकोटिन आंबट वातावरणात तोंडाच्या कातडीतून आत शिरत नाही, क्षारी वातावरणात पटकन शिरतं. आपल्याकडे तंबाखूला चुना लावून मळतात तो ह्याच कामासाठी, आजोबांनी केमिस्ट्री शिकली नव्हती पण कशानं लागते ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. पाऊच लावल्यावर ओठाखाली जी चुरचुर होते ती फक्त पुदिन्याची नाही, त्यात या क्षाराचा आणि निकोटिनचाही हात आहे.

मग आकडा बघा. ३, ४, ६ मिलिग्रॅम असं लिहिलेलं असेल तर ते बहुतेक एका पुडीचं असतं. पण युरोपातून आलेल्या बऱ्याच डब्यांवर एका ग्रॅमला किती मिलिग्रॅम ते लिहितात, आणि इथंच घोळ होतो. समजा डबीवर ग्रॅमला १६ मिलिग्रॅम आहे आणि पुडीचं वजन ०.७ ग्रॅम, तर एका पुडीत साधारण ११ मिलिग्रॅम निकोटिन झालं. सगळंच्या सगळं अंगात जात नाही, काही पुडीतच राहतं, तरी अंदाज यावा म्हणून सांगतो, एका सिगरेटमधून अंगात जातं ते साधारण १ ते २ मिलिग्रॅम. नवीन माणसानं मित्राच्या डबीतली स्ट्राँग पुडी लावली की उचक्या, मळमळ, गरगरणं, घाम, छातीत धडधड हे सगळं त्यामुळेच होतं, "पित्त झालं" म्हणून लोक कोकम पीत बसतात. तसं झालं तर पुडी काढून टाका, चूळ भरा आणि बसून घ्या. बरं नाही वाटलं तर डॉक्टर गाठा.

बोटीवरचे काहीजण याला स्नूस म्हणतात. स्नूस वेगळा, तो स्वीडनचा, त्यात खरीखुरी तंबाखू असते आणि स्वीडन सोडून बाकी युरोपियन युनियनमध्ये तो विकायला बंदी आहे. तुमच्या डबीत यातलं नेमकं कोणतं आहे ते माहीत करून घ्या, डेंटिस्टला पुढे ते लागणार आहे. डबीचा फोटो काढून ठेवला तर उत्तम.

आणि एक, पाऊच "एफडीए अप्रूव्ह्ड" आहे असं सांगणारे ते रील. अमेरिकेच्या एफडीएनं (तिकडचं अन्न-औषध खातं) जानेवारी २०२५ मध्ये झिन या ब्रँडच्या २० प्रकारांना तिकडे विकायची परवानगी दिली हे खरं आहे. पण परवानगी दिली म्हणजे वस्तू सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका हेही त्यांनीच सांगितलं. त्यांचा हिशोब असा होता की सिगरेट ओढणारा किंवा तंबाखू खाणारा मोठा माणूस ते सगळं सोडून पूर्णपणे याच्यावर गेला तर त्याचा धोका कमी होतो. ज्यानं आयुष्यात कधी काही घेतलं नाही अशा बारावीतल्या पोराचा त्या हिशोबात संबंधच नाही. माझंही मत तेच आहे, गुटख्यापेक्षा पाऊच बरा हे मी मान्य करतो, पण कशाहीपेक्षा काहीच नसलेलं तोंड बरं.

पायरी २: तुमच्या तोंडाचा जुना हिशोब कागदावर काढा

ही पायरी परदेशातल्या माहितीत सापडणार नाही, ती आपल्यासाठी आहे. तिकडचा पोरगा पाऊच सुरू करतो तेव्हा त्याचं तोंड बऱ्यापैकी कोरं असतं. आपल्याकडे तसं नसतं. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात २४.४ टक्के मोठी माणसं बिनधुराची तंबाखू वापरत होती, सिगरेट-बिडीवाले जेमतेम ३.८ टक्के. म्हणजे आपलं सगळं प्रकरण पहिल्यापासून तोंडातच आहे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठं मिळते ते गावात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

त्यात आपल्याकडे सुपारी. श्रीवर्धन, दापोली, गुहागर, परसात पोफळी असलेली घरं, त्यामुळे सुपारी कुणी व्यसनात धरतच नाही. जेवण झालं की कातरलेली सुपारी, पाहुणा आला की पान. पण सुपारी एकटी, तंबाखू न घालता सुद्धा, माणसात कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच सांगून ठेवलंय. घरची असो की दुकानातली, त्यात फरक नाही. शिवाय सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तिखट सहन होत नाही, तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. एकदा ताठ झालेली कातडी पुन्हा पहिल्यासारखी मऊ होत नाही, उपचारानं थोडं उघडतं इतकंच.

म्हणून कागद घ्या आणि लिहा. आधी काय खात होता, किती वर्षं, कुठल्या गालात ठेवत होता, कधी सोडलं, की अजून मधे मधे चालूच आहे. खलाशी मंडळींनी तर नक्की लिहा, कारण रात्री जाळ्यावर जागायचं म्हणून जी तंबाखू लागते ती लोक मोजतच नाहीत, "ती काय फक्त बोटीवर" म्हणतात, पण बोट वर्षातले दहा महिने समुद्रात असते. आज्यांनी मशेरी लिहा. मशेरी लावणाऱ्या आजीला नातू नावं ठेवतो आणि स्वतः ओठाखाली पुडी ठेवून बसतो, हे दृश्य मला फार आवडतं.

हे सगळं कशाला, तर उद्या तोंडात पांढरा डाग दिसला तर तो पाऊचचा की जुन्या गुटख्याचा, हे ओळखायला डेंटिस्टला हा कागदच कामाला येतो. पाऊचचा डाग बहुतेक पाऊच ठेवायच्या जागीच असतो. वरच्या ओठाखाली पाऊच ठेवता आणि डाग खालच्या डाव्या गालात, म्हणजे ते खातं जुनं आहे, आणि ते जास्त काळजीचं.

पायरी ३: आरसा, टॉर्च, आणि धुतलेली बोटं

महिन्यातून एकदा, दात घासून झाल्यावर. मोबाईलचा टॉर्च चालतो. खोटे दात असतील तर काढून ठेवा.

पहिल्यांदा वरचा ओठ दोन्ही हातांनी उचला, ज्या जागी पुडी ठेवता ती जागा, बहुतेकांची सुळ्याच्या वरची. तिथली कातडी बाजूच्या कातडीशी ताडून बघा. पांढरट, सुरकुतलेली, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी दिसते का? हा बदल पाऊच आणि स्नूसवाल्यांत दिसतो आणि पुडी तिथे ठेवायची बंद केली की बऱ्याचदा काही आठवड्यांत निवळतो. लाल झालीय का, सोललीय का, हात लावला की दुखते का तेही बघा.

मग हिरडी. एका बाजूचा सुळा दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापेक्षा लांब दिसतोय का? दात वाढत नसतो, हिरडी वर सरकलेली असते आणि मुळाचा पिवळसर भाग उघडा पडलेला असतो. तिथे थंड पाणी, आईस्क्रीम, आंबट सोलकढी लागली की झणकन जातं. ही हिरडी आपोआप खाली येत नाही. पाऊच बंद केला, ब्रश हलका केला तर आहे तिथे थांबते, पण गेलेली परत आणायची तर टाळूतून कातडी घेऊन तिथे शिवावी लागते, ते ऑपरेशन तालुक्याला सगळीकडे होत नाही आणि स्वस्तही नाही. म्हणून ह्यासाठी मी एवढं जीव तोडून सांगतो, पांढरा डाग जाईल पण सरकलेली हिरडी राहील.

काहीजण युक्ती सांगतात की पुडीची जागा रोज बदलायची, आज डावीकडे उद्या उजवीकडे. जखम एका जागी कमी होते हे खरं, पण मग चार जागी थोडी थोडी होते, आणि निकोटिन तर तेवढंच जातं. मला विचाराल तर ही युक्ती डेंटिस्टपासून लपायला जास्त उपयोगी.

आता बाकीचं तोंड, कारण वर सांगितलेला जुना हिशोब. दोन्ही गाल आतून, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जीभ वर करून खालची जागा, टाळू. पांढरा डाग जो बोटानं पुसून जात नाही, लाल मखमली डाग, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हलणारा दात, गिळताना टोचणं, मानेत गाठ. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका, फोन करून अपॉइंटमेंट घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीचा कॅन्सर दुखत नाही बऱ्याचदा, हीच त्याची खोड.

शेवटी तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालून बघा, पहिलं, मधलं आणि अंगठीचं. आत जायला हवीत. दोनच जात असतील, आणि बांगड्याचं तिखलं पूर्वीसारखं खाता येत नसेल, तर ते पाऊचचं काम नाही, बहुतेक सुपारी-गुटख्याचं आहे, आणि डेंटिस्टला दाखवायलाच पाहिजे.

एक गोष्ट आरशात दिसत नाही. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हिरडीला आजार असला की ब्रश करताना रक्त येतं, तीच आपली घंटा असते, आणि सिगरेट ओढणाऱ्यांत ती घंटा वाजतच नाही हे आम्हाला कॉलेजपासून शिकवलंय, आतून हाड झिजत असतं आणि वरून हिरडी ठणठणीत दिसते. तेव्हा निकोटिन घेणाऱ्या कुणीही "माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही" याच्यावर खूश होऊ नये. शिवाय तोंड कोरडं पडतं, थुंकी कमी झाली की कीड लवकर लागते, साखर नसली तरी.

पायरी ४: डेंटिस्टकडे गेल्यावर

खुर्चीत बसायच्या आधी पुडी लावून येऊ नका. भीती वाटते म्हणून लावून येणारे आहेत, पण निकोटिननं नाडी आणि बीपी वाढतं आणि आमच्या भुलीच्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा ॲड्रेनलिन असतं, त्यानंही वाढतं, मग धडधडायला लागलं की पेशंट घाबरतो आणि आम्हीही.

मग सांगा. फॉर्मवर फक्त तंबाखू-सिगरेट लिहिलेलं असेल तरी तोंडानं सांगा की मी निकोटिनचे पाऊच वापरतो, इतक्या मिलिग्रॅमचे, दिवसाला इतके, इतके महिने, इथे ठेवतो. रात्री पुडी तोंडात ठेवून झोपता का तेही सांगा, बरेच जण झोपतात आणि लाजेनं सांगत नाहीत. आई किंवा सासरे सोबत असतील आणि त्यांच्यासमोर बोलायचं नसेल तर त्यांना बाहेर बसायला सांगा, कुठलाही शहाणा डेंटिस्ट ते करेल. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, तर तेही. गरोदरपणात निकोटिन कुठल्याच रूपात नको, त्यात तडजोड नाही.

चांगल्या तपासणीत काय होतं हे माहीत असलं की तुम्हाला कळेल आपली तपासणी झाली की नुसता दात बघून सोडलं. ओठ-गाल बाजूला करून सगळी कातडी बघायची, बोटानं चाचपायची, मान चाचपायची. बारीक खुणा असलेली सळई हिरडीत घालून प्रत्येक दाताभोवती किती खोल जाते ते मोजायचं, हिरडी किती मिलिमीटर सरकलीय ते लिहून ठेवायचं, पुडीच्या जागेचा फोटो काढायचा. फोटो फार कामाचा, सहा महिन्यांनी तुम्ही परत याल तेव्हा "वाढलंय की तेवढंच आहे" हे आठवणीवर ठरत नाही. फोटो काढत नसतील तर तुमच्याच मोबाईलवर काढून द्या म्हणा, कुणी नाही म्हणत नाही.

डाग दिसला तर साधारण असं सांगतील: दोन आठवडे त्या जागी काही ठेवू नका आणि परत या. निवळला तर ठीक. तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. आता इथे आपल्याकडचा जुना घोळ, "सुई लावली की पसरतं", "कापलं की वाढतं". ह्या एका वाक्यानं किती माणसं उशिरा आलीत. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही, न काढल्यानं मात्र तो काय आहे ते कळत नाही. तालुक्याला सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे, खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे, चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे, सावंतवाडी-बांद्याकडची माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. परळच्या टाटापर्यंत जायची वेळ बहुतेकांवर येत नाही, पण चिठ्ठी दिली तर तिकीट काढा, आंबा संपल्यावर जाऊ म्हणू नका.

दाढ काढायची असेल तर हे नीट वाचा. काढल्यानंतर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, ती बसली पाहिजे, तिच्यावरच जखम भरते. निकोटिननं तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरायला वेळ लागतो. आणि गुठळीच निघून गेली की दोन-चार दिवसांनी असा ठणका लागतो की कानापर्यंत जातो, गोळीनं थांबत नाही. म्हणून काढायच्या आधी जितके दिवस जमेल तितके आणि काढल्यावर निदान तीन दिवस, जमलं तर आठवडाभर, पाऊच नको. राहवतच नसेल तर आधीच सांगा, काहीतरी सोय बघता येते, लपवून लावू नका. इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून बसवायचा दात) बसवणार असाल तर हाडानं तो स्क्रू धरायला काही महिने लागतात, तिथे हा मुद्दा अजून मोठा.

बोटीवर जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात अक्कलदाढ काढायला येऊ नका. घरी आल्या आल्या या. समुद्रात मधेच ठणका लागला तर तिथे डेंटिस्ट नसतो, आणि मग माणूस जास्त पाऊच लावतो, आणि जखम अजून बिघडते.

नवीन डेंटिस्ट हे वाचत असतील तर त्यांना दोनच गोष्टी. प्रश्न बदला, "तंबाखू खाता का" ऐवजी "निकोटिन कुठल्या रूपात घेता, पाऊच, व्हेप, मशेरी, गुटखा, सिगरेट" असं विचारा, नावं घेतली की लोक हो म्हणतात. आणि ओरडू नका. ओरडलेला पेशंट पुढच्या वेळी नाही म्हणतो, दात काढून घेतो आणि जातो. विचारणं, सोडायला सांगणं, तयारी आहे का बघणं, मदत देणं, पुढची तारीख देणं, एवढं पाच मिनिटांत होतं, आणि वर्षातून दोनदा तोंडाच्या आत बघायची संधी फिजिशियनला मिळत नाही, आपल्याला मिळते.

पायरी ५: सोडायचं ठरलं तर

पाऊच हे सोडायचं औषध म्हणून विकतात तसे ते औषध नाहीत, त्यात कमी करत जायचं वेळापत्रक नसतं, डबी संपली की दुसरी डबी एवढंच. वापरायचेच असतील आणि गुटख्यावरून आला असाल तर निदान दोन्ही एकदम चालू ठेवू नका. दिवसा ऑफिसात पाऊच आणि संध्याकाळी नाक्यावर मावा, यात तुमचा काहीच फायदा नाही, फक्त निकोटिन वाढतं.

कमी करायची रीत साधी आहे. आठवडाभर फक्त मोजा, काही बदलू नका. मग सगळ्यात आधी रात्रीची बंद, झोपेतली पुडी सगळ्यात निरुपयोगी. मग कमी मिलिग्रॅमची डबी, पण संख्या वाढवायची नाही, नाहीतर ६ ची एक सोडून ३ च्या दोन लावणारे मी पाहिलेत. मग जेवणानंतरची उशिरा ढकला, आणि एक तारीख धरा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, भूक जास्त, मग दोन-चार आठवड्यांत उतरत जातं. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते, तेवढ्यात उठा, पाणी प्या, अंगणात चक्कर मारा. मच्छीमारांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते तो काळ मला बरा वाटतो, चिडचिड झाली तरी घरचेच आहेत ऐकायला. पण ऑगस्टमध्ये बोट परत गेली की पहिल्या रात्री काय करणार ते आत्ताच ठरवा, आणि तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) सांगून ठेवा.

पाऊच सोडून सुपारी धरू नका. हे मुद्दाम वेगळं सांगतोय कारण होतं तेच, तोंडाला काहीतरी चाळा पाहिजे म्हणून लोक "साधी सुपारी" सुरू करतात आणि कमी धोक्यावरून जास्त धोक्यावर जातात. बडीशेप, फुटाणे, शेंगदाणे, बिनसाखरेचं च्युइंगगम, काहीही चालेल.

मेडिकलमधली निकोटिन गम हा खरा उपचार आहे, २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची डॉक्टर लिहून देतात. पण ती आपण साध्या गमसारखी चघळतो आणि मग उचक्या लागल्या म्हणून फेकून देतो. ती हळू चावायची, जीभ झिणझिणली की थांबून गालात ठेवायची, झिणझिण गेली की परत दोन-चार वेळा चावायची, असं अर्धा तास. आणि ती घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कोकम सरबत, सोलकढी, लिंबूपाणी, कॉफी, कोल्ड्रिंक काही नाही, पहिल्या पायरीत सांगितलं तेच, आंबटात निकोटिन आत जात नाही, मग गमचा उपयोग शून्य. हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच.

एकट्यानं जमत नसेल तर सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आणि हे आजच करा

डबी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. फ्रीजवर, टीव्हीजवळ, गाडीच्या कप होल्डरमध्ये नको. पुदिन्याचा वास, पांढरी गोड पुडी, तीन वर्षांच्या पोराला ती गोळीच वाटते. वापरलेल्या पुडीतही निकोटिन शिल्लक असतं, ती अंगणात किंवा खिडकीतून टाकू नका, बऱ्याच डब्यांच्या झाकणात वापरलेल्या पुड्यांसाठी खण असतो, तो त्यासाठीच आहे. कुत्र्या-मांजरांनाही ते विष आहे. पोरानं तोंडात घातली असं कळलं तर बोटानं तोंडातलं काढा, ओकारी काढायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका, वाट बघत बसू नका. लाळ गळणं, उलटी, पांढरं पडणं, घाम ही लक्षणं पटकन येतात. १०८ ला फोन करा किंवा हातातल्या गाडीनं सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या, आणि डबी सोबत घेऊन जा, किती मिलिग्रॅमची होती ते डॉक्टरला पहिल्यांदा विचारावं लागतं.